हळू पुकारा, आप्पा!

सुरतच्या दिवाणी कोर्टात मला पट्टेवाल्याची नोकरी लागली ती केवळ आवाजावर, असं माझी बायको अजून चारचौघांत सांगते. तिचं म्हणणं मी कधी खोडलं नाही. त्याआधी मी उधन्याला लूमच्या कारखान्यात कारागीर होतो. मागांच्या खडखडाटात शेजारच्याला ‘दोरा तुटला’ एवढं सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. ती सवय माणसाबरोबर घरी येते. लेकरू आत्ताच झोपलंय, हे बायकोला सांगताना मी लेकरू उठवत असे.

कोर्टात माझं काम पुकाऱ्याचं. साहेब खुर्चीवर बसले की बेंच क्लार्क दवेबेन यादीतलं नाव मला सांगायच्या आणि मी दारात उभा राहून, व्हरांड्याकडे तोंड करून ते तीनदा पुकारायचो. ज्याचं काम असेल तो कुठे चहा पीत असतो, कुठे झाडाखाली वकिलाशी बोलत असतो. त्याच्या कानावर नाव पडलंच पाहिजे, नाहीतर त्याच्या गैरहजेरीत काम पुढे जातं आणि माणूस बसल्याजागी बुडतो. पहिल्या दिवशी मी असा काही पुकारा केला, की पलीकडच्या कोर्टातले दोन साक्षीदार उठून आमच्याकडे आले. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, “भाई, नाम बोलवानुं छे, बूम नथी पाडवानी.” नाव सांगायचंय, बोंब मारायची नाही. मी मान हलवली आणि पुढचं नाव तेवढ्याच जोरात पुकारलं. हळू बोलायला मला शिकवलंच नव्हतं कोणी.

मी नंदुरबारकडचा. नाव रामदास. कोर्टात सगळे मला ‘पाटील’ म्हणत आणि डिंडोलीत, जिथे आमची खानदेशी मंडळी राहतात, तिथे मी ‘आप्पा’. आमचं आपसातलं बोलणं अहिराणीत. इथे वाचणाऱ्यांसाठी मराठीत लिहितोय. एखादा शब्द निसटला तर समजून घ्या.

आता नादारी म्हणजे काय ते सांगतो. दिवाळखोरीला कोर्टाच्या कागदावर नादारी म्हणतात. मराठीत हा शब्द जुन्या दस्तऐवजांत पडून असेल, सुरतेत तो रोज तोंडात. नादार व्हायला अर्ज करावा लागतो. बाहेरच्या माणसाला याचं हसूच येतं. पैसे नसायला परवानगी कशाला? पण त्यात सोय आहे. माणूस कोर्टाला सांगतो, माझ्यावर एवढं देणं आहे, माझ्याकडे हे एवढंच आहे, हे घ्या, विका, घेणेकऱ्यांत वाटून टाका आणि माझ्या मानेवरून त्यांना उतरवा. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, बायकोचं मंगळसूत्र, कारागिराच्या हातातली हत्यारं, यांना कोणी हात लावायचा नाही.

आणि अर्ज नाही केला, तर घेणेकरी त्याला दिवाणी तुरुंगात बसवू शकतो. त्यातही गंमत आहे. तुरुंगातल्या माणसाच्या जेवणाचा भत्ता घेणेकऱ्यानेच भरायचा असतो. एका जरीच्या व्यापाऱ्याने हट्टाने एकाला आत बसवलं. आत गेलेला माणूस गोल पोटाचा आणि हसऱ्या तोंडाचा. व्यापारी भत्ता भरायला आला की आमच्या व्हरांड्यात पाय आपटायचा, “मारा पैसा खाई गयो, ने हवे मारा पैसे जमे छे!” माझे पैसे खाल्ले आणि आता माझ्याच पैशाने जेवतोय. शेवटी तोच तुरुंगाच्या फाटकापाशी विनवायला गेला, की बाबा, घरी जा. आतून उत्तर आलं, इथे बरं आहे, वसुलीला कोणी येत नाही. व्यापाऱ्याने भत्ता बंद केला, तेव्हा कुठे तो सुटला. सुटून आला तो अंगाने भरलेला आणि कोर्टात येऊन सगळ्यांना हात जोडून गेला, व्यापाऱ्यालासुद्धा.

पुढे नव्वदनंतरच्या दशकात सुरतेच्या कापडाला मंदी आली आणि नादारीची यादी लांबत गेली. मंदीत असे अर्ज का वाढतात, हे मला निवृत्तीनंतर बरेच जण विचारतात. लोक गरीब होतात म्हणून, हे उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मला दारात उभं राहून जे दिसलं ते वेगळं. नुसता गरीब झाला म्हणून कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. कर्ज तर चांगल्या काळातही असतं. उलट तेव्हाच जास्त असतं, कारण देणारे मागे लागून देतात. दोन माग चालतात ना, घे आणखी दोन. सुताचे पैसे? दे सावकाश, दिवाळीनंतर. सगळा बाजार या ‘सावकाश’वर उभा असतो. मंदी आली की पहिल्यांदा ते ‘सावकाश’ जातं. एखादा आडत्या दुकानाला कुलूप घालून नाहीसा होतो. सुरतेत त्याला उठमणुं झालं म्हणतात. त्याच्याकडे ज्याचे पैसे अडकले तो सूतवाला घाबरतो आणि मागवाल्याकडे धावतो. मागवाला कारागिराचा पगार थांबवतो, कारागीर किराणावाल्याला तोंड चुकवतो. प्रत्येकाला आज, आत्ता पाहिजे. विकून द्यावं म्हटलं तर घ्यायला कोणी नाही. चांगला चालता माग भंगारवाला किलोवर मागतो. मग सूतवाला दावा लावतो, वॉरंट काढतो आणि ज्या दिवशी बेलिफ दारात उभा राहतो, त्या दिवशी माणूस वकिलाकडे पळतो. म्हणजे बघा, गरिबी कधीचीच येऊन बसलेली असते. अर्ज येतो तो समोरच्याचा धीर संपल्यावर. मंदीत सगळ्यांचा धीर एकदमच संपतो.

यादी एवढी वाढली, की साहेबांनी नादारीसाठी गुरुवार राखून ठेवला. गुरुवारी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसायची आणि माझा भाव वधारलेला असायचा. आमच्याकडचा कोणी अर्ज करणारा मला कोपऱ्यात घेऊन म्हणायचा, आप्पा, जरा हळू पुकारा, ओळखीचे लोक असतात. घेणेकरी दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन म्हणायचा, पाटील, जरा जोरात, लोकांना कळू दे. चहा मी दोघांचाही प्यायचो, आवाज मात्र सरकारी ठेवायचो.

हसण्यासारखं सगळंच नव्हतं. एकदा मी नाव पुकारलं तसा बाकावरून एक माणूस उठला, दोन पावलं आला, लोकांनी वळून पाहिलं म्हणून थांबला आणि जिन्याने खाली निघून गेला. मी आणखी दोनदा पुकारलं. तो जिन्यात असणार, त्याला ऐकू जात असणार, हे मला कळत होतं. पण तो परत आला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. तेव्हापासून ‘हळू पुकारा’ म्हणणाऱ्याला मी कधी हसलो नाही. पण ज्या दोघांची गोष्ट सांगायला बसलोय, त्यांना हसू नये तर काय करावं?

त्यातला पहिला काशिनाथ नाना. आम्ही दोघं एका कारखान्यात शेजारी-शेजारी मागांवर उभे राहिलेले. मी कोर्टात गेलो, नानाने हिंमत करून जुने माग घेतले. दोनाचे चार झाले. डिंडोलीत आमच्या मागच्याच गल्लीत त्याचं घर. त्याची मुलगी मंगल साड्यांवर खडे-टिकल्या लावायचं काम घरी बसून करायची, हाताची फार चपळ आणि तोंडाचीही. तिचा साखरपुडा सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका किराणा दुकानदाराच्या मुलाशी झाला होता. सगळी गल्ली म्हणायची, नानाने चांगलं घर गाठलं.

एका संध्याकाळी नाना आला आणि माझ्या बायकोला, शकूला, म्हणाला, “वहिनी, जरा चहा ठेवता?” ती आत गेल्याबरोबर माझ्या कानाशी आला. “आप्पा, गुरुवारले मन्हं नाव शे.”

“कोणत्या गुरुवारी?”

“तुझ्या गुरुवारी.”

 नानाने खाली बघत सांगितलं. कापड घेणाऱ्या आडत्याचं उठमणुं झालं, सूतवाल्या शेठने वॉरंट काढलं, वकील म्हणाला नादारीचा अर्ज टाक. “पेपरात नोटीस येईल ती गुजरातीत, बारीक अक्षरात. आपल्या लोकांत ते कोण वाचतो? भीती फक्त तुझ्या आवाजाची. हयू पुकार. याहींच्या कानावर गेलं तर सोयरीक मोडेल. त्यांचं केवढं भरलेलं दुकान! त्यांनी माझे चार माग बघून पोरगी केली.”

“पण त्यांना माग बंद दिसले नाहीत?”

नाना इकडे तिकडे बघत म्हणाला, “परवा अचानक आले होते. मी पळत जाऊन एक माग रिकामाच चालू केला. सूत नाही, काही नाही, नुसता धोटा इकडून तिकडे. त्या खडखडाटात आम्ही चहा प्यालो. ते म्हणाले, काम जोरात दिसतंय. मी म्हटलं, काय? ऐकू येत नाही!”

मला हसू आवरेना आणि नानाचे डोळे भरलेले. मी त्याला शब्द दिला, की माझ्या तोंडून कोणाला कळणार नाही. शकूलाही नाही.

दोन-तीन दिवसांनी कोर्टात मी पाण्याच्या टाकीजवळ चहा पीत उभा होतो. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, भारदस्त अंगाचे एक गृहस्थ जवळ आले. “तुम्ही डिंडोलीचे आप्पा ना? मी सचिनचा. भटू बोरसे. किराणा दुकान आहे.”

मी नमस्कार केला. मंगलचे होणारे सासरे, नानाचे याही म्हणजे व्याही, ते हेच, हे नावावरून कळलं होतं. मला वाटलं, लग्नाचं काही बोलणार. ते आणखी जवळ आले.

“आप्पा, गुरुवारी माझं नाव आहे.”

चहा माझ्या नाकात गेला.

“कारखाने बंद पडले, कारागीर गावाला निघून गेले, उधारी सगळी बुडाली. आता घाऊकवाला मला तुरुंगात घालायला निघालाय. होईल ते होईल. पण माझे याही तुमच्या डिंडोलीचे, काशिनाथ नाना, मोठे मागवाले. त्यांना कळलं तर पोराचं लग्न गेलं. मी स्वतः बघून आलोय, काय जोरात काम चालतं त्यांच्याकडे! बोललेलं ऐकू येत नाही. तुम्ही फक्त हळू पुकारा.”

मी खोकत खोकत मान हलवली. दुसरं काय करणार?

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. जेवताना एकदम आठवण व्हायची आणि घास हातात धरून मी हसायला लागायचो. शकू विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही. ती म्हणायची, भाजीला हसताय का? मग रात्री कूस बदलताना ते हसू पळून जायचं. दोघांचा गुरुवार एकच. व्हरांडा एकच. आणि पुकारणारा मी.

गुरुवारी लवकर जाऊन मी दवेबेनच्या पाया पडायचा बाकी राहिलो. एक नाव यादीत अगदी वर घ्या, दुसरं अगदी शेवटी टाका. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “पाटील, आ कोर्ट छे, सिनेमानी टिकिटबारी नथी.” मग मी माझ्या परीने बंदोबस्त केला. नानाला मागच्या बाजूला टाकीजवळ उभं केलं आणि भटू आबांना पुढे, स्टॅम्पवाल्याच्या टेबलापाशी. मधे सगळी इमारत. एकाचं काम उरकून त्याला मागच्या जिन्याने पाठवायचं, मग दुसऱ्याला आणायचं, असा माझा बेत.

साहेब आले, बसले आणि गर्दीकडे बघून म्हणाले, “नादारीवाळा बधाने साथे बोलावो.” सगळ्यांना एकदम बोलवा.

मी दारात गेलो. यादीत नेमकी ही दोनच नावं पहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात पुकारलं. समोरचा वकीलसुद्धा वळला नाही. आतून साहेबांनी विचारलं, “पाटील, तबियत ठीक नथी?”

“ठीक छे, साहेब.”

“तो पछी?”

मग झालं काय, असं ते विचारत होते. मी डोळे मिटले आणि मागाच्या कारखान्यातला आवाज काढला. “काशिनाथ सुपडू पाटील, हाजर छे? भटू दगा बोरसे, हाजर छे?”

दगा हे आमच्याकडे जुन्या माणसांचं साधं नाव. पण मराठीसारखंच गुजरातीतही दगा म्हणजे फसवणूक. नादारीच्या कोर्टात ‘भटू दगा’ ऐकून व्हरांड्यातले घेणेकरी खो खो हसायला लागले. त्या हसण्यातून मला दोन्ही बाजूंनी चपलांचा आवाज ऐकू आला. मागून नाना धावत येत होता, पुढून भटू आबा. माझ्या आवाजाने त्यांना एवढं घाबरवलं होतं, की कोणी कोणाचं नाव ऐकलंच नव्हतं. फक्त आपापलं ऐकलं होतं. दोघं दारात, माझ्यासमोर, एकमेकांवर आदळले.

“याही! तुम्ही इथे?” भटू आबा टोपी सावरत म्हणाले.

“मी... एकाच्या जामिनाला आलो होतो,” नाना म्हणाला. “तुम्ही?”

“मी वकिलांकडे. दुकान वाढवायचंय, जागेचे कागद.”

“वा, वा!”

“कारखाना कसा आहे?”

“जोरात!”

“बरं, बरं.”

दोघंही हलेनात. आतून दवेबेन विचारत होत्या, कोण आलं? मला पुन्हा पुकारणं भाग होतं. दोन वितींवर उभ्या असलेल्या माझ्या मित्राच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, “काशिनाथ सुपडू पाटील, हाजर छे?”

नानाने छताकडे पाहिलं. मग फरशीकडे पाहिलं. मग मांजरासारख्या आवाजात म्हणाला, “हाजर.”

भटू आबांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग केवढी तरी दया आली. नानाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “अरेरे! याही, तुम्ही नादार?”

“भटू दगा बोरसे, हाजर छे?” मी म्हणालो.

खांद्यावरचा हात तिथेच राहिला. दुसऱ्या हाताने टोपी काढत आबा म्हणाले, “हाजर.”

“तुम्हीबी?” नाना म्हणाला.

“मीबी.”

मला वाटलं, आता गळ्यात पडतील. कसचं काय! दोघांना एकदमच फसवलं गेल्याचं लक्षात आलं आणि अशी काही जुंपली, की सगळा व्हरांडा कामं टाकून ऐकायला लागला.

“चार माग म्हणाला होतात!”

“चारच आहेत! चालत नाहीत एवढंच! आणि तुमचं भरलेलं दुकान?”

“माझं दुकान कारागिरांनी खाल्लं! तुमच्यासारख्या मागवाल्यांनी पगार दिले नाहीत म्हणून!”

“आम्ही पगार द्यायला आडत्याने पैसे दिले का?”

साहेबांनी घंटा वाजवली. दोघांना आत उभं केलं, तरी अहिराणीत चालूच. साहेबांनी मला विचारलं, “आ बे शुं बोले छे?” आता हे भाषांतर कसं करावं? मी सांगितलं, साहेब, दोघं एकमेकांचे व्याही होणार आहेत आणि दोघांनीही नादारी एकमेकांपासून लपवली होती. साहेबांनी फाईल उचलून तोंडासमोर धरली. ती फाईल बराच वेळ हलत होती. मग खाली ठेवून, अगदी गंभीर चेहऱ्याने, त्यांनी दोन्ही अर्ज दाखल करून घेतले आणि पुढचा हुकूम होईपर्यंत दोघांनाही अटक करायची नाही, असं लिहून दिलं.

दोघांच्या आयुष्यातला तो सुटकेचा दिवस. पण व्हरांड्यात आल्याबरोबर भटू आबा ओरडले, “सोयरीक मोडली!”

नाना म्हणाला, “मी तुमच्या आधी मोडली!”

आणि एक मागच्या जिन्याने, एक पुढच्या जिन्याने निघून गेले.

घरी आल्यावर मी शकूला सगळं सांगितलं, आता लपवायला काही उरलं नव्हतं. ती इतकी हसली, की भिंतीला टेकून खाली बसली. मग डोळे पुसून एकदम म्हणाली, “आणि मंगलचं काय?” आम्ही दोघं नानाच्या घरी गेलो. नाना भिंतीकडे तोंड करून पडलेला. मंगलच्या मांडीवर साडी, हातात खडे. तिने मान वर न करता विचारलं, “बाबा, सोयरीक का मोडली? त्यांच्याकडे काही नाही म्हणून, का आपल्याकडे काही नाही म्हणून?”

नानाने डोक्यावरून चादर ओढली.

“उद्या मी सचिनला जाते,” मंगल म्हणाली.

“अगं, मुलगी सासरी वरातीने जाते!”

“मी शटल रिक्षाने जाते. आप्पा, तुम्ही आणि काकू चला. तुमच्याच आवाजाने झालंय हे.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. रिक्षात मंगल ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, तेव्हा मला कळलं, की पोरगी वरून दाखवते तेवढी धीट नाही. मुलगा तिला आवडला होता. तिच्या हातून हे जाणार होतं की राहणार होतं, ते त्या दुकानात ठरणार होतं.

भटू आबा गल्ल्यामागे बसले होते. आम्हाला बघून उठले, पुन्हा बसले. त्यांची बायको, सगळे तिला माई म्हणतात, आतून आली आणि घरी आलेल्या माणसाला चहा पाहिजे म्हणून साखरेचा डबा शोधू लागली. मंगल पुढे झाली. “माई, मी घेते.” फळीवर चकचकीत डबे ओळीने मांडलेले. तिने एक उचलला. तो हातात इतका हलका आला, की ती मागे गेली. रिकामा. तिने दुसरा उचलला. रिकामा. तिसऱ्यावर बोटाने टिचकी मारली, टण्ण आवाज आला.

“त्या डब्यांना हात लावू नको, पोरी,” भटू आबा कसेबसे म्हणाले. “गिऱ्हाइकांना भरलेलं दिसावं म्हणून ठेवलेत.”

मंगलने डबा होता तिथे नीट ठेवला. म्हणाली, “आबा, तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा माग चालू होता ना? त्यात सूत नव्हतं.”

 मग भटू आबांचं पोट हलायला लागलं. “तरीच!” ते म्हणाले, “तरीच! मी घरी येऊन हिला म्हटलं होतं, एवढा आवाज आहे, पण कापड कुठे दिसत नाही!”

आणि माई हसायला लागली, शकू हसायला लागली, मंगल हसता हसता रडायला लागली. भटू आबा गल्ल्यावर हात आपटून हसत होते आणि प्रत्येक थापेला फळीवरचे डबे टणटणत होते, त्यामुळे आणखी हसू येत होतं. तेवढ्यात त्यांचा मुलगा प्रकाश दारात आला. त्याच्या हातात कागदाची पुडी. शेजारच्या दुकानातून साखर उसनी आणायला गेला होता, किराणावाल्याचा पोरगा!

त्याच संध्याकाळी भटू आबा डिंडोलीला आले. नाना ओट्यावर बसला होता. दोघं थोडा वेळ रागावलेले राहिले, कारण लगेच हसणं बरं दिसलं नसतं. मग बोलता बोलता कळलं, की एकमेकांसमोर तोरा राहावा म्हणून दोघंही लग्नासाठी आणखी उसने काढणार होते. माणसंसुद्धा ठरली होती. नाना कपाळावर हात मारत म्हणाला, “म्हणजे आपण एकमेकांना बुडवत होतो!” ते ओझं उतरलं आणि दोघं पोरांसारखे हलके झाले. कोणाचा वकील जास्त हुशार यावर त्यांचा वाद रंगला.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण मला शेवट लग्नाचा करायचाय. नानाचे माग कोर्टाने नेमलेल्या माणसाने विकले, भंगाराच्याच भावात. दुकानातलं होतं नव्हतं तेही गेलं. घेणेकऱ्यांना थोडं थोडं मिळालं. नाना दुसऱ्याच्या कारखान्यात मागदुरुस्तीचा मास्तर म्हणून लागला आणि त्याला झोप लागायला लागली. भटू आबांनी हातगाडीवर कांदे-बटाटे विकले आणि उधारी बंद असा फळा लावला, तो त्यांना स्वतःलाच कधी पाळता आला नाही. प्रकाश हजीऱ्याला एका ठेकेदाराकडे कामाला लागला. यथावकाश दोघांनाही कोर्टाने मोकळं केलं.

लग्न मात्र अर्ज चालू असतानाच झालं. वकिलाने बजावलं होतं, की दोघांपैकी कोणी एक पैसा उधळलेला दिसला तर घेणेकरी हरकत घेतील. म्हणून सगळं लग्न गल्लीने केलं. मांडव होता एका मिलने टाकून दिलेल्या साड्यांच्या कापडाचा, छपाई चुकून सगळी फुलं उलटी लटकलेली. प्रत्येक घरातून पीठ आलं, वांगी आली, डाळ आली. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. ढोल वाजवायला नानाचे जुने कारागीर आले, ज्यांचा पगार बुडाला होता तेच. आणि ते असे वाजवत होते, जणू बुडालेला पगार ढोलातून निघणार आहे.

पंगत बसत होती, तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. नानाला ज्याने कोर्टात खेचलं तो सूतवाला शेठ. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, की काशिनाथने पैसे दडवलेत आणि मुलीचं लग्न थाटात चाललंय. नाना पांढराफटक पडला. मी पुढे झालो. शेठ मला ओळखत होता. “पाटील, आ मंडप कोणे आप्यो?” गल्लीने. पीठ? गल्लीने. ढोल? पाहुण्यांनी. शेठने वर बघून उलट्या फुलांचं कापड चाचपलं, नवरीच्या गळ्यातले मणी बघितले, भांडी बघितली. सगळी उसनी, प्रत्येकावर वेगवेगळ्या घराचं नाव कोरलेलं. त्याचा चेहरा पडत गेला.

भटू आबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते बट्टीची परात घेऊन वाढत होते. समोर कोणीतरी शेठमाणूस उभा दिसला, त्याला त्यांनी दंडाला धरून पाटावर बसवलं. शेठने एक घास घेतला. वांग्याच्या भाजीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने नाक पुसलं आणि आणखी भाजी मागितली. आबांनी वाढली. बट्टी वाढली. कौतुकाने विचारलं, “शेठ, तुम्ही कोणाकडचे?”

 शेठ तोंडात घास धरून म्हणाला, “हुं? हुं तो लेणदार छुं.”

“घेणेकरी?” भटू आबांनी परात पुढे केली. “मग घ्या ना! आणखी दोन घ्या!”

आधी कारागीर हसले, मग बायका हसल्या, मग शेठ हसला. त्याला घास गिळताही येईना. नाना पुढे आला, त्याने स्वतः शेठच्या ताटात तुपाची धार सोडली. शेठने ताट आणखी पुढे सरकवलं.

जाताना शेठ मांडवात थांबला, खिशातून नोट काढून मंगलच्या हातात ठेवली. मग मला बाजूला घेऊन, मी कोर्टाचा माणूस म्हणून, दटावून म्हणाला, “आ हिसाबमां न लखता, हों!” हे हिशेबात लिहायचं नाही.

भटू आबा तोवर बट्ट्यांची पिशवी भरून मागे धावले होते. ती त्यांनी स्कूटरच्या हँडलला अडकवली, घरच्यांसाठी. शेठ ‘ना, ना’ म्हणत मान हलवत राहिला, पण स्कूटर काही चालू करीना. पिशवीची गाठ आबांनी पक्की बांधेपर्यंत तो तसाच थांबला होता.